पितळेचा ताव : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्कराला एका दुखण्याने हैराण केले होते. कोठारात नीट रचून ठेवलेली, एकदाही न झाडलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. तडा बहुधा पुंगळीच्या मानेशी पडे, म्हणजे जिथे तिने गोळी घट्ट आवळून धरलेली असते तिथे. काडतूस कुठे आपटलेले नसे की विस्तवाजवळ ठेवलेले नसे. यातली पुष्कळ काडतुसे तबेल्यात किंवा तबेल्यालगत साठवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटे आणि पावसाळी हवेत दमटपणा भरपूर असे. पितळ मात्र कारखान्यातूनच आतला ताण घेऊन आलेली असे. हे तिन्ही एकत्र आले की पितळेच्या कणांच्या शिवणी उसवत जात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये या तडकण्याची नीट उकल केली. उपायही तिथूनच सापडला. घडण पूर्ण झाल्यावर पितळेला २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही काळ तापत ठेवायचे. एवढ्या तावाने तिची कठीणता फारशी उतरत नाही, पण आत कोंडलेला ताण सैल होतो.

या पुस्तकाचा विषय हाच ताव आहे. कारखान्यात त्याला अ‍ॅनिलिंग म्हणतात. धातू किती तापवायचा, किती वेळ तापवायचा, कुठे तापवायचा आणि कुठे अजिबात नाही, एवढीच ही विद्या आहे. हिचे जाणकार तीन ठिकाणी विखुरलेले आहेत आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. पहिले तांबट, दुसरे कारखान्यातले धातुतज्ज्ञ आणि तिसरे परदेशात घरच्या घरी काडतुसे पुन्हा भरणारे हौशी नेमबाज. तिघांचा धातू जवळपास एक आणि अडचणही एकच आहे. तरी एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसरा वर्षानुवर्षे चुकत चुकत शिकतो. या तिघांना मराठीत एकत्र आणणारे पुस्तक निघायला हवे होते आणि ते निघाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

नव्या वाचकासाठी मुळापासून सांगतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. काडतुसाच्या पुंगळीसाठी जी पितळ वापरतात तिच्यात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. ती थंड असताना ठोकली, ओढली किंवा वाकवली की कठीण होत जाते आणि काही वेळाने पुढचा घाव सोसत नाही, चिरते. धातूच्या स्फटिकात अणूंच्या ओळी जिथे चुकलेल्या असतात त्या जागा सरकतात म्हणून धातू वाकतो. घाव वाढले की या चुका एकमेकींत अडकतात आणि सरकणे थांबते. हे स्पष्टीकरण टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. ताव दिला की हा गुंता सुटतो. आधी ताण उतरतो. आणखी तापवले की जुन्या ठेचलेल्या कणांच्या जागी नवे, ताजे कण जन्मतात आणि पितळ मऊ होते. त्याहीपुढे गेले तर नवे कण एकमेकांना गिळत मोठे होतात. अशी पितळ मऊ असते, पण पुढच्या ओढकामात तिचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उठतो. कठीण पितळेची विकर्स कठीणता १५० च्या वर असते, पूर्ण मऊ पितळेची ६० च्या आसपास. या दोन आकड्यांच्या मधला सगळा प्रदेश कारागिराच्या हातात असतो.

इथे आपल्या छत्रपती संभाजीनगर भागातल्या वाचकाला एक सावधगिरी सांगायला हवी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला माणूस पोलादावर वाढलेला असतो. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की ते कडक होते, हे त्याच्या हाडीमासी खिळलेले असते. त्यामुळे तापलेली पितळ पाण्यात टाकली की तीही कडक होणार, असे तो धरून चालतो आणि ती हवेत हळूहळू निवू देतो. पोलादात थंड होताना स्फटिकाची रचनाच पालटते. ७०-३० पितळेत तसे काही घडत नाही. ती पाण्यात टाका की हवेत ठेवा, मऊपणात फरक पडत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच की काम लवकर हाती घेता येते आणि तापायला नको त्या भागाकडे उष्णता पसरत नाही. तांबटांच्या आळीत हे पोरसवदा शिकाऊ मुलालाही माहीत असते. अभियांत्रिकी शिकलेल्या अनेकांना ते पहिल्यांदा ऐकताना खरे वाटत नाही.

दुसरा घोळ वेळेचा आहे आणि तो जास्त खोल आहे. तापमान आणि वेळ यांचा विचार जोडीने करावा लागतो. कारखान्यात पितळ साधारण ४२५ ते ७६० अंशांच्या पट्ट्यात तापवतात, कारण तिथे भट्टीत माल बराच वेळ राहतो. ज्याला ज्योतीवर चार-सहा सेकंदांतच काम उरकायचे आहे त्याला भट्टीच्या तक्त्यातले खालचे आकडे उपयोगी नाहीत. ३५० अंशांना तासभर ठेवलेली पितळ बदलते. त्याच तापमानाला क्षणभर टेकवलेली पितळ जवळपास होती तशीच राहते. आपण ताव दिला असे समजून माणूस पुढे जातो, प्रत्यक्षात काहीच झालेले नसते. उलट बाजूला ९१५ अंशांना ही पितळ वितळू लागते आणि जस्त तर ९०७ अंशांना उकळते. जास्त तापवलेल्या पितळेतून जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ओतारी लोकांना ठाऊक असलेला थंडीताप भरतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे, असे पुस्तकात पुन्हा पुन्हा येते आणि ते योग्यच आहे.

पितळेचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे. जस्त तापवले की वाफ होऊन उडून जाते, त्यामुळे ते शुद्ध मिळवणे अवघड. राजस्थानात जावर इथे मध्ययुगात मुशी उलट्या टांगून जस्त मोठ्या प्रमाणावर गाळले जात होते आणि ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात ती रीत वर्णिलेली आहे. युरोपात धातुरूप जस्त थेट तांब्यात मिसळून पितळ करण्याचे पेटंट १७८१ मध्ये जेम्स एमर्सनने घेतले. जहाजांच्या तळाला लावायची ६०-४० पितळ मंट्झने १८३२ मध्ये आणली. ती तापलेली असताना लाटायला सोपी, पण थंडपणी ओढायला हट्टी. खोल ओढकामासाठी ७०-३० हेच प्रमाण टिकले आणि त्या प्रमाणाला जगभर नाव मिळाले ते काडतुसावरून.

काडतुसाच्या पुंगळीइतके या विद्येचे नेमके उदाहरण दुसरे सापडणार नाही, म्हणून पुस्तकाचा मोठा भाग तिने व्यापला आहे. १८६० च्या दशकात बॉक्सरने ब्रिटिश लष्करासाठी केलेल्या काडतुसाची पुंगळी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली होती. ती तापलेल्या बंदुकीत अडके, फाटे. सुदानच्या मोहिमेतल्या अनुभवानंतर १८८५ च्या सुमारास सलग ओढलेली पुंगळी आली. पितळेच्या पट्टीतून चकती कापायची, तिची वाटी करायची, ती वाटी साच्यातून ओढून लांब करायची. एका ओढीत पितळ इतकी कठीण होते की दुसरी ओढ देण्याआधी ताव द्यावाच लागतो. मग पुन्हा ओढ, पुन्हा ताव. शेवटी बुडाला दाबून आकार देतात आणि त्या दाबाने आलेली कठीणता मुद्दाम तशीच राहू देतात, कारण बंदुकीच्या दाबाचा सगळा भार बुडावर येतो आणि ते कठीणच हवे. तोंड आणि मान यांना मात्र अखेरचा वेगळा ताव मिळतो, म्हणजे गोळी धरून ठेवण्याइतकी लवचीकता राहते आणि कोठारात पडून तडा जात नाही. एकाच दोन-अडीच इंची वस्तूत एक टोक मऊ, दुसरे कठीण, आणि मधली उतरण अखंड. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती या शेवटच्या तावाची खूण आहे. बाजारी काडतुसांवर ती बहुधा घासून पुसून टाकतात.

हे सगळे आपल्या महाराष्ट्रातही घडत आले आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. अजिंठ्याचा घाट उतरून भुसावळकडे गेले की वरणगाव लागते. तिथला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या कामगारांकडे पितळेच्या तावाचे जे ज्ञान आहे ते बहुतेक तोंडीच राहिले आणि निवृत्तीबरोबर घरी गेले. लेखकाने या परंपरेकडे आदराने पाहिले आहे, याचे मला विशेष मोल वाटते.

तांबटांची परंपरा याहून वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईत कोकणातून आलेली घराणी वसली. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी तर घरोघर गेली. हंडा, घंगाळ, पातेले ठोकताना तांबट मध्येच थांबतो, भांडे भट्टीत टाकतो, लाली येताच काढतो, पाण्यात सोडतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. त्याच्याजवळ तापमापक नसतो, पण भट्टीची जागा अंधारी असते, आणि हे सोयीसाठी आहे असे समजणे चुकीचे. ड्रेपरने १८४७ मध्ये दाखवले की अंधारात कोणतीही घन वस्तू ५२५ अंशांच्या आसपास मंद लाल दिसू लागते. उजेडात तीच लाली दिसायला धातू बराच जास्त तापवावा लागतो. म्हणजे अंधारी भट्टी हेच तांबटाचे मोजमाप आहे. उन्हात अंगणात बसून ज्योतीवर पितळ ‘लाल होईपर्यंत’ तापवणारा हौशी माणूस नेमका इथेच फसतो.

आणि शेवटचे मठारकाम. भांडे घडून झाल्यावर त्याच्या अंगभर ओळीने, सारख्या अंतराने हातोडीचे घाव देतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते आणि ती देखणी असतेच. पण तावामुळे मऊ पडलेल्या भांड्याला पुन्हा कणखरपणा देण्याचे ते काम आहे. काडतुसाच्या बुडाला कारखान्यातला दाब जे देतो, तेच घंगाळाला मठारणी देते. दोन परंपरांतला हा सारखेपणा पुस्तकात वाचला तेव्हा मला तो विलक्षण वाटला. इतका उघड असून तो मी आधी कुठे छापलेला पाहिला नव्हता.

तिसरी परंपरा हौशी नेमबाजांची, आणि ती मुख्यतः अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली. तिथे झाडलेली पुंगळी पुन्हा आकारात आणून, नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून वापरतात. प्रत्येक झाडण्यात पुंगळी फुगते, प्रत्येक आकारणीत आवळली जाते. मान कठीण होत जाते आणि तोंडाला उभ्या चिरा पडतात. त्याआधीच, कठीणता कमीजास्त झाल्याने गोळीवरची पकड प्रत्येक काडतुसात वेगळी होते आणि नेम बिघडतो. म्हणून मानेला ताव. जुनी पद्धत अशी की पुंगळ्या परातीत पाणी घालून उभ्या करायच्या, बुडे पाण्यात, मानेवर ज्योत फिरवायची आणि पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. नंतर ज्योतीसमोर पुंगळी फिरवत ठेवणारी यंत्रे आली, वितळलेल्या क्षारात मान बुडवण्याची पद्धत आली आणि अलीकडे इंडक्शन. दर वेळी ताव द्यावा की चार-पाच वेळांनी, यावर तिथे कडाक्याचे वाद आहेत. क्षाराच्या पद्धतीबद्दल लेखक साशंक आहे आणि मीही आहे. तिथे वापरले जाणारे तापमान आणि काही सेकंदांचा वेळ यांचा मेळ बसत नाही, वर वितळलेल्या नायट्रेटशेजारी पाण्याचा थेंब म्हणजे अपघाताला निमंत्रण. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत आहे : बूड तापता कामा नये. अख्खी पुंगळी ओव्हनमध्ये टाकणाऱ्याने तिचा सर्वात महत्त्वाचा गुण घालवला.

ही परंपरा आपल्याकडे घराघरात नाही याची कारणे सरळ आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. शिवाय आपले नाव जगात गाजवणाऱ्या रायफल नेमबाजीत अशी काडतुसे वापरतात जी पुन्हा भरताच येत नाहीत. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे असो, ५० मीटर रायफलमध्ये पॉइंट दोन-दोनची काडतुसे लागतात. त्यांचे स्फोटक बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते आणि घोड्याच्या माराने ती कड चेपली जाते. म्हणून लेखकाने परदेशी हौशी पद्धती धातूचा धडा म्हणून घेतल्या आहेत. काडतूस भरण्याची कृती पुस्तकात नाही आणि ती नसावीच.

मग छत्रपती संभाजीनगरात बसून हे पुस्तक कशासाठी? एक कारण इथल्या जुन्या हस्तकलेत आहे. या शहरात बिदरीकाम चालते. बिदरीची वस्तू जस्तप्रधान मिश्रधातूची ओतीव असते, तिला ठोकायचे नसते. पण तिच्या खाचेत बसवायची चांदीची तार आणि पत्रा मऊच हवा, तिथे ताव येतो. बिदरी काळी करायला लागणाऱ्या मातीबरोबर नवसागर असतो, आणि कल्हईवालाही कथिल पसरवण्याआधी नवसागराची चिमूट टाकतो. नवसागर तापला की अमोनिया सुटतो. तबेल्यातल्या काडतुसांना तडकवणारा वायू तो हाच. कल्हईच्या वेळी भांडे कथिल वितळेपर्यंत, म्हणजे २३२ अंशांच्या वर तापते. या तावाने भांड्यातला ताणही थोडाफार उतरत असावा, असा माझा तर्क आहे. मात्र नवसागराचा अंश धुऊन काढायला हवा.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याशीही या गोष्टीचा संबंध आहे. गोठ्यातली पितळी तोटी, फवारणी पंपाचे पितळी नोझल, युरियाच्या गोण्यांशेजारी पडलेले पितळी जोड यांना तोच धोका असतो : ताण, ओल आणि अमोनिया. बनवतानाच ताण उतरवलेला भाग टिकतो. वरवर अगदी तसाच दिसणारा, पण तावाविना विकलेला भाग एखाद्या पावसाळ्यात चिरतो आणि दुकानदार पाण्याला दोष देतो.

सगळ्यात निकडीचे कारण औद्योगिक वसाहतीत आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून या शहरात सुटे भाग करणाऱ्या छोट्या उद्योगांचे जाळे वाढले, पण ते पोलादाभोवती. आता बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत विजेवरच्या वाहनांचे प्रकल्प येत आहेत. त्या वाहनांत तांब्याच्या पट्ट्या, पितळी टर्मिनल, ओढलेल्या टोप्या यांची संख्या मोठी असते. तांब्याची पट्टी वाकवताना कोपऱ्यावर चिरते तेव्हा दोष मालाला दिला जातो. ताव चुकला असेल हे तपासणारे फार थोडे. त्याच वेळी कुठला भाग अजिबात तापवायचा नाही हेही कळायला हवे. स्प्रिंगचे काम करणारी पितळी पट्टी तापवली की तिची पकडच जाते. हार्मोनियमच्या पेटीतल्या पितळी रीडजवळ डाग देताना हाच विचार करावा लागतो.

पुस्तकाची मांडणी माझ्या मते धाडसी आहे. लेखकाने सिद्धान्त आधी आणि कृती नंतर असा पाठ्यपुस्तकी क्रम घेतलेला नाही. तो आधी वस्तू दाखवतो, तिचा तडा दाखवतो आणि तड्यापासून मागे जात कारण शोधतो. सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे आणि भट्टीवरच्या माणसाचे शब्द शेजारी शेजारी येतात. काही जागी मला अधिक विस्तार हवा होता. विशेषतः नाशिकच्या पितळकामावर एवढ्यात भागत नाही. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. वाढत्या कणांवरची गणिते नवख्याला जड जातील. ती वगळून पुढे गेले तरी धागा तुटत नाही.

वाचकांना एक विनंती. पुस्तक केवळ वाचू नका. ७०-३० पितळेची एक पट्टी आणा, तिचे सारखे तुकडे करा, व्हाइसमध्ये धरून एक तुकडा तुटेपर्यंत उलटसुलट वाकवा आणि किती वाकांत तुटला ते मोजा. मग उरलेल्या तुकड्यांना मोकळ्या हवेत, चिमट्याने धरून, वेगवेगळा वेळ आणि वेगवेगळा ताव देऊन तीच मोजणी करा आणि वहीत लिहून ठेवा. झाडलेली पुंगळी कुठे सापडली तर ती प्रयोगाला घेऊ नका, पोलीस ठाण्यात द्या. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात कुणी तांबट, कल्हईवाले, बिदरी कारागीर किंवा खडकी-वरणगावचे निवृत्त कामगार असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांना ताव कसा ओळखता ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत टिपून लेखकाकडे पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत त्या टिपणांना जागा देण्याचे त्याने कबूल केले आहे.